प्रति,

दयेचा अर्ज मीच टाइप केला होता.
सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला लागून,
जिथं झेरॉक्सवाला, स्टॅम्पव्हेंडर आणि उसाचा रस
एकाच ताडपत्रीखाली बसतात.
तीन प्रती, पानाला तीस रुपये.
वकिलाचा पोरगा घाईत होता.
म्हणाला, ताई, चुका नकोत, वर जायचंय हे.

वर म्हणजे मुंबईला, मलबार हिलवर.

अर्जात होतं: वय एकाहत्तर.
दोन्ही गुडघे. साखर. नातीचं लग्न.
चाळीस वर्षं जनतेची सेवा.
पाण्याची टाकी "कोसळली" होती,
सिमेंट कमी "आढळून आलं" होतं,
तीन बायका "मयत झाल्या" होत्या.
एकतीस वर्षं मी क्रियापदं टाइप करते आहे,
इतकी बेवारस क्रियापदं
एका कागदावर कधी पाहिली नव्हती.
कर्ता शोधत दोनदा मागं गेले,
मग रिबन बदलली.

"मी" एकदाच आला, शेवटी, सहीच्या वर:
मी आपला नम्र.

तिकीट लावलं. ते नाशिकरोडच्या प्रेसमधलं असणार,
माझा मामा तिथं गोंदाच्या खात्यात होता.
आणि केरूनाना होते ते जेल
प्रेसपासून रिक्षाच्या अंतरावर.
एवढ्या जवळचा कागद
एवढ्या लांब जाऊन परत आला
एकोणीस दिवसांत.
मी टाइप केलेले दयेचे अर्ज मोजलेले नाहीत.
उत्तर आलेले मोजता येतात.

गुरुवारी गेट उघडलं.
जेसीबीच्या सोंडेतून झेंडूची फुलं,
द्वारका सर्कलला तासभर जाम.
मी त्याच जाममध्ये, सिटीलिंकच्या बसमध्ये उभी.
पुढची बाई म्हणाली, कुंभ लागला का गं?
रामकुंडावर नानांनी तीन बुड्या मारल्या.
पायऱ्या उतरताना, चढताना
गुडघ्यांचं काही दिसलं नाही.

शुक्रवारी लाहनू भोये आला, पेठहून, पहाटेच्या एसटीनं.
त्याची सून त्या तिघींतली. पवळी.
खटल्याच्या चौदा वर्षांत एकही तारीख त्यानं चुकवली नव्हती,
साहेब रजेवर असतील तेव्हासुद्धा
बाकावर बसून जायचा.
पिशवीत वरई आणलेली, माझ्यासाठी, उगाच.

"माफ केलं म्हणतात. कुणी?"
मी म्हटलं, राज्यपालांनी. तसं कलम आहे.
"त्यांचं कोण मेलं होतं?"

मी कार्बन सरळ करत राहिले.

"बाई, आमच्या पाड्यावर
कुणाच्या बैलानं कुणाची नागली खाल्ली
तर बैलवाला नागलीवाल्याच्या दारात येतो.
पलीकडच्या गावच्या पाटलाकडं जात नाही."

मला वकिलानं समजावलं होतं तसं
मी त्याला समजावलं:
शिक्षा माफ होते, बाबा, गुन्हा पुसला जात नाही.
त्यानं बराच वेळ विचार केला.
रसाच्या चरकाचं घुंगरू वाजत होतं.
मग म्हणाला,
"मग तो ठेवलाय कुठं?"

रेकॉर्ड रूममध्ये असेल, मी म्हटलं,
आणि म्हणताना मला ते कपाट दिसलं,
दार न लागणारं, दोरीनं बांधलेलं.

"बाई, एक अर्ज लिहा."
काय लिहू?
"आम्हाला कुणी विचारलं नाही."
एवढंच?
"एवढंच. खाली माझा अंगठा.
नाही, सही. सही शिकलो मी, तारखांना येता येता."

कागद चढवला. डावीकडं, वर,
टाइप केलं: प्रति, आणि स्वल्पविराम.
पुढं बोटं गेली नाहीत.
एकतीस वर्षांत या जागी
मी कुणाकुणाला बसवलं आहे,
तहसीलदार, आयुक्त, महामहिम,
डोळे मिटून.
त्या दिवशी ती ओळ तशीच राहिली,
ऊन भिंतीवरून ताडपत्रीवर आलं तरी.

लाहनूनं तीस रुपये काढून
टेबलाच्या कडेला ठेवले होते,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर वरईची पुडी.
मी म्हटलं, अजून पान भरलं नाही, बाबा.
म्हणाला,
"भरेल. मी थांबतो."